उलटा हात

२०२० साली जूनच्या अखेरीस महाराष्ट्रातली सलून तीन महिन्यांनी उघडली, तेव्हा सरकारी परवानगीत एक गमतीची मेख होती. केस कापायला मुभा होती, दाढीला नव्हती. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीपासून सिडकोपर्यंत माणसं कटिंग करून घ्यायची आणि वाढलेली दाढी तशीच घेऊन खुर्चीवरून उठायची. अट साथीमुळे घातलेली होती, पण ज्यांनी ती घातली त्यांनी या दोन कामांतला फरक बरोबर ओळखला होता. कात्रीचं काम केसाशी. ती कातडीला लागली तर चूक झाली म्हणायचं. दाढीचं पातं मात्र केसाला लागतं तितकंच कातडीलाही लागतं आणि ती कुणाची चूक नसते. दाढी करणं म्हणजे थोडी कातडी खरवडणंच.

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, कागदाहून पातळ. या पेशींच्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. आतला ओलावा आत ठेवायचा आणि धूळ, साबण, जंतू बाहेर ठेवायचे, हे या थराचं काम. ब्लेड फिरलं की केसांबरोबर त्याचाही काही भाग निघतो. रोज दाढी करणाऱ्याचा थर भरून येण्याआधीच पुन्हा खरवडला जातो. मग घाम झोंबतो, सेंट झोंबतं, नुसतं पाणीही झोंबतं. त्यात मराठवाड्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि थंडीत ओठ फुटतात. मुंबईच्या दमट हवेत ज्याचं निभावतं, त्याचे गाल इथे बदली होऊन आल्यावर दाढीनंतर ओढल्यासारखे होतात, ते उगीच नाही.

‘दाढी केली की त्रास होतो’ या तक्रारीत निदान तीन वेगवेगळे त्रास दडलेले असतात आणि लोक तिन्हींवर एकच उपाय करतात. पहिला म्हणजे चरचर. पातं फिरल्यापासून काही मिनिटांत आग होते, लाली येते, दिवस-दोन दिवसांत ओसरते. ही वरच्या थराची खरवड. दुसरा त्रास उशिरा येतो. एक-दोन दिवसांनी जबड्याच्या खाली आणि मानेवर कडक पुटकुळ्या उठतात. निरखून पाहिलं तर काहींच्या आत काळा केस गुंडाळी करून बसलेला दिसतो. तिसरा म्हणजे केसतोड. केसाच्या मुळाशी जंतू शिरतात, गाठ गरम लागते, ठणकते आणि पू धरते. चरचरीवर मलम चालेल, केसतोडीला डॉक्टर लागू शकतो, पण सगळ्यात जास्त माणसं वर्षानुवर्षं अडकून पडलेली असतात ती मधल्या प्रकारात. म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश बघू.

केस ज्या नळीतून बाहेर येतो ती कातडीत तिरकी रोवलेली असते. सरळ केस कापला गेला की पुन्हा त्याच वाटेने वर येतो. वळणदार केसाचं तसं नसतं. कापताना त्याला तिरकं टोक येतं, तो बाहेर येऊन वळतो आणि ते टोक शेजारच्याच कातडीत घुसतं. दुसरी वाट याहून छुपी आहे. केस ताणून इतका खोल कापला गेला की त्याचं टोक कातडीच्या पातळीखाली गेलं, तर वाढताना तो बाहेर येण्याआधी नळीची भिंतच फोडतो. दोन्ही वेळा शरीर स्वतःच्या केसाला काट्यासारखं परकं मानतं आणि त्याच्याभोवती सूज उभी करतं. सावळ्या कातडीत ही सूज गेल्यावर काळा डाग उरतो आणि तो कित्येक महिने हलत नाही. लग्न ठरलेल्या मुलाच्या घरी मानेवरच्या डागांची जी काळजी चाललेली असते, तिचं मूळ बहुधा इथे असतं.

केस कातडीखाली कापला जातो कसा? दोन रस्त्यांनी. एक, जिलेटने १९७१मध्ये आणलेलं दुहेरी पात्याचं रेझर आणि त्याची पुढची पिलावळ. १९९८मध्ये पाती तीन झाली, २००६मध्ये पाच. यात पुढचं पातं केस थोडा ओढतं आणि तो मागे सरकण्याआत मागचं पातं त्याला पुन्हा छाटतं. उरलेला खुंट मग कातडीच्या आत जातो. जाहिरातीत ज्याला यश म्हणून मिरवतात, तीच कित्येकांच्या मानेची तक्रार असते. दुसरा रस्ता आपल्या सलूनमधला जुना आहे: उलटा हात. आधी केसांच्या दिशेने एक हात झाला की कारागीर पुन्हा फेस लावतो, दोन बोटांनी कातडी ताणतो आणि खालून वर वस्तरा चढवतो. गिऱ्हाईक उठताना गालावरून उलटा पंजा फिरवून बघतं आणि खूष होऊन पैसे देतं. ती ताणलेली कातडी सोडली की केसाचं टोक आत ओढलं जातं, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात येत नाही.

या प्रकरणात सांगायचं मुख्य म्हणजे हेच. गालावर हात फिरवल्यावर किंचित खरखर लागली पाहिजे. ती लागत असेल तर दाढी बरोबर झाली. गुळगुळीतपणाचा हव्यास धरला की किंमत मान मोजते.

यावर हसणाऱ्यांना एक जुना दाखला देतो, इथल्याच मातीतला. अजिंठा आपल्याच जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात. आणि शहरात विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. या लेण्यांत राहणारे भिक्खू मुंडण करत. भिक्खूजवळ ज्या आठच वस्तू असाव्यात असं परंपरा सांगते, त्यांत चीवरं, भिक्षापात्र, सुई, कमरपट्टा, पाणी गाळायचं गाळणं यांच्याबरोबर वस्तराही आहे. विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीचे, नियम वस्तऱ्यासोबत धार लावायचा दगड आणि ठेवायची पिशवीही मान्य करतात. हे नियम पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्खूंच्या पहिल्या धर्मसभेत, ज्यांनी सांगितले असं मानतात ते उपाली स्थविर मूळचे शाक्यांचे न्हावी होते. म्हणजे कारागिराचा हात त्यामागे होता म्हणायला हरकत नाही. तरी त्यांचा नियम काय? केस दोन महिने किंवा दोन अंगुळं वाढेपर्यंत चालतील. रोज सकाळी वस्तरा घ्या असं कुठेच नाही.

रोजची दाढी ही सवय तशी नवी आहे. आपल्याकडे आठवड्यातून एक-दोनदा न्हावी धोकटी घेऊन ओसरीवर यायचा आणि घरातल्या सगळ्या पुरुषांची रांग उरकायचा. किंग कॅम्प जिलेट याने १९०३मध्ये सुटं ब्लेड विकायला काढलं तेव्हा पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली होती. पुढच्याच वर्षी आकडा ९० हजार रेझरांवर गेला. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारनेच रेझर वाटले आणि गडी घरी परतले ते रोज सकाळी आरशासमोर उभं राहायची सवय घेऊन. ऑफिसच्या नोकरीबरोबर ती आपल्याकडे आली.

आता नोकरी आहे तर दाढी करावीच लागणार, हे मान्य. पोलीस आणि राज्य राखीव दलात ती नियमाने लागते. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत धुळीचा किंवा वायूचा मास्क घालायचा असेल तर तो गालावर घट्ट बसण्यासाठी लागते. अमेरिकेच्या हवाईदलाने २०२०मध्ये मानेवरच्या याच पुटकुळ्यांसाठी पाच वर्षांपर्यंत दाढी राखायची वैद्यकीय सूट देऊ केली. आपल्याकडे तेवढं औदार्य दिसायला वेळ आहे. तोवर दाढी कशी करायची ते बघू.

सुरुवात पाण्यापासून, कारण या शहरात सगळ्याच गोष्टींची सुरुवात पाण्यापासून होते. कोरडा केस हट्टी असतो. त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेइतका चिवट म्हणतात. पण केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ पडतो. याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. म्हणून दाढी अंघोळीनंतर. आपल्याकडे उलट रीत आहे, आधी दाढी आणि मग अंघोळ. ‘दाढी करून अंघोळ केली की स्वच्छ’ हा त्यातला विचार. दाढी करून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय देवघरात जायचं नाही, हेही आहेच. रीत मोडायची नसेल तर निदान एक ओला गरम नॅपकिन दोन-तीन मिनिटं गालावर धरा. चांगल्या सलूनमध्ये कारागीर ब्रश पाच मिनिटं घोळवत बसायचे, ते वेळकाढूपणा म्हणून नव्हे.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. नळाला जायकवाडीचं पाणी येतं, पण काही दिवसांआड. मधल्या दिवसांत बोअर किंवा टँकर. सातारा, देवळाई भागात तर पुष्कळ घरांचा सगळा भार त्यांच्यावरच. काळ्या पाषाणातून झिरपून आलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. बोअरच्या अशा कठीण पाण्यात साबणातली आम्लं क्षारांना चिकटतात आणि फेसाऐवजी पांढरट चिकट साका तयार होतो. हा साका गालावर राहतो. पात्याखाली जो निसरडा थर हवा तो बनतच नाही, आणि राहिलेला साबण दिवसभर कातडीला खात बसतो. कातडी स्वभावाने किंचित आम्ल असते, साबण अल्कधर्मी. त्यामुळे तो नीट धुतला न जाणं हेच कित्येकांच्या खाजेचं कारण असतं. त्यातून पाणी जपून वापरायची इथली सवय: एक मग पाणी, त्यातच रेझर बुचकळायचं, शेवटी ओल्या टॉवेलने तोंड पुसलं की झालं. कानाजवळ आणि हनुवटीच्या खाली साबण राहतो, आणि खाज तिथेच येते.

उपाय अवघड नाही. फेस करायला आणि शेवटी तोंड धुवायला आरओचं किंवा नळाचं पाणी घ्या; एक वाटी आणि एक तांब्या पुरतो. बोअरचंच पाणी असेल तर ते उकळून, निवल्यावर वरचं वरचं काढून घ्या. उकळल्यावर क्षारांचा काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो; गिझरच्या कॉइलवर चढलेलं पांढरं किटण तेच. फेसच येत नसेल तर फेस न लागणारं जेल बरं, त्याला पाण्याची पर्वा कमी. खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब आधी गालावर चोळून मग साबण लावणारे लोक आहेत; रेझर निसटू नये इतकं भान ठेवलं तर तेही चांगलंच.

पात्याकडे येऊ. केसापेक्षा पोलाद पन्नास पट कठीण, तरी ब्लेड बोथट होतं कसं? मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेतल्या संशोधकांनी हा प्रश्न धसाला लावला आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’मध्ये उत्तर छापलं. धार घासून झिजते, हा समज अपुरा निघाला. केस पात्याखाली वाकतो आणि पोलादाच्या ज्या जागी रचना एकसारखी नसते तिथे धारेचा टवका उडतो. धारेला असे टवके पडले की ब्लेड कापायच्या ऐवजी ओढायला लागतं, आपण हात दाबतो आणि दाबलेला हात कातडीवर उतरतो. म्हणजे मऊ केस हा कातडीइतकाच ब्लेडचाही मित्र. चार-पाच दाढ्यांनंतर ब्लेड बदला. दुधारी ब्लेड चहाच्या कपापेक्षा स्वस्त येतं. त्यात काटकसर करणाऱ्याला मी कंजूषही म्हणणार नाही, कारण कंजूष माणूस मलमाचा खर्च तरी धरतो.

मानेचा नकाशा ज्याचा त्याने काढायचा. दोन दिवसांची दाढी वाढू द्या आणि उजेडात उभं राहून बोट चारी दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट अडत नाही ती केसांची दिशा. गालावर ती साधारण खालीच असते, पण मानेवर भलतीच निघते: काहींची डाव्या बाजूला कानाकडे, उजव्या बाजूला गळ्याकडे, आणि कंठाजवळ चक्क भोवरा. वीस वर्षं दाढी करणाऱ्यालाही आपला भोवरा कुठे आहे हे माहीत नसतं. पातं त्या त्या दिशेनेच चालवायचं, कातडी न ताणता, आखूड हातांनी, आणि दर दोन हातांनंतर धुऊन. एकाच जागी तिसऱ्यांदा ब्लेड नको. पुटकुळ्यांचा त्रास असलेल्याने पाच पात्यांचं महागडं रेझर बाजूला ठेवून एकपाती घ्यावं, किंवा सरळ ट्रिमर. ट्रिमर अर्धा-एक मिलिमीटर खुंट सोडतो, आणि हा दोष नसून गुण आहे.

सलूनमध्येच जाणार असाल तर तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. आता बहुतेक ठिकाणी वस्तऱ्याला सुटं पातं असतं. कारागीर कागदासकट दुधारी ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला ठेवतो. हे मोडणं तुमच्यासमोर झालं पाहिजे. ‘दादा, नवं टाका’ म्हणायला लाजायचं कारण नाही. कारागिराला त्याचा राग येत नाही. दुसरं, उलटा हात नको म्हणून आधीच सांगा, कारण सवयीने तो चालतोच. तिसरी आहे तुरटी.

तुरटीबद्दल माझं मत मिश्र आहे. गढूळ पाणी निवळायला घड्यात फिरवतात तीच ही. ती कातडी आक्रसवते, बारीक काप मिटवते, जंतूंनाही थोडाफार आवर घालते आणि तिच्यात सुगंध नसतो, म्हणून आफ्टरशेव्हपेक्षा कितीतरी बरी. आफ्टरशेव्हमध्ये अर्ध्याच्या वर अल्कोहोल असू शकतं. त्याची झोंबरी थंडाई म्हणजे उघड्या पडलेल्या कातडीची तक्रार आहे. पण सलूनमधला तुरटीचा खडा सगळ्या गावाचा असतो. सकाळपासून ज्या ज्या गालावर काप गेला, त्या त्या गालावर तोच ओला खडा फिरलेला असतो. हेपटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो. तेव्हा किराणा दुकानातून आपला खडा आणा, डबीत घालून सोबत न्या. एकदाच फिरवा, मिनिटभराने पाण्याने धुवा, वर बिनसुगंधी मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर लावा. डेटॉल थेट गालावर ओतायची पद्धत बंद करा. लिंबाचंही तेच.

यानंतर चूक होते ती गाडीवर. दाढी करून माणूस जालना रोडला लागतो आणि उन्हासाठी तोंडाला दस्ती गच्च बांधतो. ताजी खरवडलेली कातडी, घाम आणि घासणारं कापड. दस्ती सुती आणि रोज धुतलेली हवी, गाठ सैल हवी. जमलं तर दाढी रात्रीच उरकावी. कातडीला सात-आठ तास निवांत मिळतात आणि उन्हाने डाग गडद व्हायची भीती कमी होते. रात्री दाढी करू नये म्हणणारे वडीलधारे घरात असतील, तर संध्याकाळी दिवा लागायच्या आत.

वडीलधाऱ्यांच्या एका नियमाचं मात्र त्वचारोगतज्ज्ञ स्वागत करतील: श्रावण पाळणं. मानेवर पुटकुळ्यांचं रान माजलं असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तीन-चार आठवडे पातं न लावणं. पहिल्या आठवड्यात खाज वाढते आणि तिथेच बहुतेक जण हार मानतात. पण केस लांब झाला की आत अडकलेलं टोक स्वतःच्याच ताणाने सुटून बाहेर येतं. श्रावणात साहेब काही बोलत नाहीत, सासुरवाडीही काही बोलत नाही. एवढं सामाजिक संरक्षण असलेला उपचार दुसरा नाही. या काळात ओल्या मऊ कपड्याने गोल गोल हलकं चोळावं. वर दिसणारी गुंडाळी निर्जंतुक सुईने नुसती उचलून मोकळी करावी, उपटू मात्र नये. उपटलेला केस पुन्हा उगवताना तीच भानगड करतो. महिना संपल्यावर लोक थेट वस्तरा लावतात आणि मिळवलेलं एका सकाळी घालवतात. आधी ट्रिमर, मग दोन-तीन दिवस थांबून सुलट्या हाताची दाढी, आणि पुढे एक दिवसाआड.

एवढं करूनही हटत नसेल तर तो त्रास कदाचित दाढीचा नसेलच. दाढीत नायटाही होतो. गाई-म्हशींची धार काढताना त्यांच्या अंगाला गाल टेकणाऱ्यांना तो जनावरांपासून होतो. एकाच बाजूला सुजलेला चट्टा, आणि तिथला केस धरून ओढला की न दुखता हातात येतो, ही त्याची खूण. केसतोडीतला केस ओढला तर माणूस ओरडतो. या टप्प्यावर मेडिकलवाला जी ट्यूब देतो ती सगळ्यात घातक. तीन औषधं एकत्र, त्यात एक जोरकस स्टेरॉइड. चार दिवसांत लाली जाते, माणूस खूष होतो, आणि आत नायटा पसरत राहतो. महिनोन्‌महिने लावली की चेहऱ्याची कातडी पातळ आणि लालबुंद होते, ट्यूब बंद केली की आग भडकते. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असं ठरवलं. काउंटरवर चिठ्ठी किती वेळा मागितली जाते ते वाचकाला माहीत आहे.

घाटी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे, खासगी तज्ज्ञही शहरात भरपूर. पुटकुळ्यांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड, अॅडापलीन अशी साधी औषधं असतात. फारच हट्टी असेल तर लेसर, पण सावळ्या कातडीला कुठलं यंत्र चालतं हे विचारूनच, नाहीतर केस जातात आणि भाजल्याचे डाग राहतात. तपासणीला जाण्याआधी चार-पाच दिवस कुठलंही मलम लावू नका. वापरलेल्या ट्यूबचं रिकामं खोकं सोबत न्या, नाव तोंडपाठ नसतं. आणि डॉक्टरांसमोर जायचं म्हणून त्या सकाळी नीटनेटकी दाढी करून जाऊ नका. केस कुठून बाहेर येतोय हे त्यांना दिसावं लागतं, आणि बुरशी तपासायला खरवड घ्यायची झाली तर खुंट हाताशी लागतात.